माळ्यावरून उतरलेले मशीन : शंका-समाधान

या वेळी पिंपळवंडी आणि जुन्नर-आंबेगावच्या इतर गावांतून आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची निघाली : घरातले जुने शिलाई मशीन. कुणाला ते आजेसासूबाईंची आठवण म्हणून चालते करायचे आहे, कुणाला जूनच्या आधी गणवेशांची कामे धरायची आहेत, आणि एका घरात तर ते विकून बंगला बांधायची बोलणी सुरू आहेत. पत्रांतली निम्मीअधिक काळजी विनाकारण आहे. उरलेली जिथे खरी आहे तिथे ते स्पष्ट सांगितले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

शंका : आमच्या आजेसासूबाईंचं काळं पायमशीन पंधरा-वीस वर्षं माळ्यावर पडून होतं. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा खाली उतरवलं. चाक जागचं हलत नाही. आमचे मालक म्हणतात, दोन हातोडे घातले की सुटेल. दीर म्हणतात, भंगारवाल्याला किलोवर देऊन टाका. मला दोन्ही नको वाटतं. मशीन खरंच संपलं का हो?
— एक गृहिणी, पिंपळवंडी

समाधान : बहुधा नाही. या मशीनचे अंग बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असते आणि आतले दांडे पोलादाचे. त्यात आपोआप मोडण्यासारखे फार थोडे असते. वर्षानुवर्षे पडून राहिले की सांध्यांतले तेल वाळते, त्याचा पिवळा-तपकिरी घट्ट थर होतो आणि तोच दांडे धरून ठेवतो. माळ्यावर उन्हाळ्यात पत्र्याची धग आणि पावसाळ्यात ओल, त्यामुळे वरून थोडा गंजही धरला असेल. हातोडा मात्र मालकांच्या हातून आधी काढून घ्या. बीड वाकत नाही, थेट तडकते, आणि तडकलेले अंग जोडून पूर्वीसारखे होत नाही.

सुरुवात पट्टा उतरवण्यापासून करा. पट्टा काढल्यावर पायडल मोकळे हलले, तर अडचण वरच्या मशीनमध्ये आहे हे नक्की झाले. मग सुई काढा, बॉबिन आणि बॉबिन केस (बॉबिन बसवायची पत्र्याची डबी) काढा. तिच्या मागे शटल असते (अर्धवर्तुळात डोलणारा टोकदार पोलादी तुकडा, जो वरचा दोरा पकडतो). त्याच्याभोवतीची कडी खिटी सरकवून किंवा दोन स्क्रू काढून मोकळी होते. कडी आणि शटल बाहेर काढून त्यामागची जागा बॅटरीच्या उजेडात पाहा. अनेकदा तिथे जुन्या दोऱ्याचे वेढे घट्ट बसलेले असतात आणि सगळा अडथळा तेवढाच निघतो. सुईखालची पाटी दोन स्क्रू काढून उचला. तिच्याखाली कापडाच्या लवेचा दाबून दाबून जाड नमदा झालेला असतो. तो टोकदार चिमट्याने सोलून काढा.

आता तेलाची पाळी. मशीनच्या डोक्यावर, तोंडाच्या पत्र्याआड, मागच्या गोल झाकणाच्या आत आणि मशीन उलटे केल्यावर खाली, जिथे जिथे धातूवर धातू फिरतो तिथे रॉकेलचे थेंब सोडा. रॉकेल आता सहज मिळत नाही. नसेल तर शिलाई मशीनचे पातळ तेलच सढळ हाताने घाला. वेळ जास्त लागेल इतकेच. दुपारभर मशीन उन्हात ठेवा, धातू तापला की वाळलेले तेल मऊ पडते. मग चाक दोन्ही हातांनी धरून बोटभर पुढे, बोटभर मागे असे हलवत राहा. जोर लावू नका. नाही सुटले तर पुन्हा थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. चार-पाच दिवस धीर धरावा लागतो. रॉकेल वापरत असाल तर काम अंगणात करा, चुलीजवळ किंवा गॅसजवळ नको, आणि भिजलेल्या चिंध्या घरात साठवू नका. चाक सुटल्यावर बाहेर येणारे काळे पाणी पुसा आणि सगळीकडे मशीनचे तेल द्या. हे विसरू नका, कारण रॉकेल उडून गेल्यावर धातू कोरडा पडतो आणि लगेच गंजतो.

इतके करूनही चाक ढिम्म राहिले, अंगावर केसासारखी चीर दिसली किंवा चाक सुटूनही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी ठक्क करून अडत असेल, तर मिस्त्रीला दाखवा. आत काहीतरी वाकले किंवा तुटले आहे. भंगाराचा विचार त्याच्या उत्तरानंतर करता येईल.

शंका : आमचं उलटं आहे. चाक गरगर फिरतं, पण सुई हलतच नाही. आतला दांडा तुटला असं शेजारी सांगतात. काळजीने झोप नाही, पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे.
— वाचक, आळे

समाधान : झोपा. चाकाच्या मध्यभागी एक छोटा चकचकीत नॉब असतो. बॉबिन भरताना सुई थांबावी म्हणून तो सैल करतात. तुमच्या मशीनचा तो सैलच राहिला आहे. एका हाताने चाक धरा आणि दुसऱ्या हाताने नॉब उजवीकडे घट्ट करा. घट्ट करूनही सुई हलली नाही तर नॉब पूर्ण काढून आतला कानांचा वायसर (तीन टोके असलेली पातळ चकती) बाहेर घ्या, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. साफसफाई करताना तो उलटा बसवला गेला की नेमके असेच होते.

शंका : मशीन कुरकुरत होतं म्हणून मी सगळीकडे खोबरेल तेल घातलं. दोन महिने छान चाललं, आता आधीपेक्षा जड झालंय. आईच्या मशीनची मीच वाट लावली का? दुकानात विचारलं तर एक म्हणतो गाडीचं ऑईल घाला, दुसरा म्हणतो ग्रीस.
— बारावीची विद्यार्थिनी, ओतूर

समाधान : वाट लागलेली नाही, फक्त सफाई वाढली आहे. खोबरेल, करडई, शेंगदाणा ही तेले हवेत हळूहळू दाट आणि चिकट होत जातात; थंडीत खोबरेल तर गोठतेच. वर दिलेल्या रीतीनेच जुने तेल सोडवून पुसून काढा. गाडीचे ऑईल जाड असते आणि ग्रीस त्याहून जाड. घरगुती काळ्या मशीनच्या डोक्यात दोन्हीचे काम नाही. 'शिलाई मशीनचे तेल' म्हणून मिळणारे पांढरे, पातळ खनिज तेलच घ्या, बाटली स्वस्त असते.

एका भोकात एक, फार तर दोन थेंब पुरतात. रोज चार-पाच तास शिवत असाल तर रोज सकाळी, अधूनमधून शिवत असाल तर बसण्याआधी. शटलच्या कडेला एक थेंब कधी चुकवू नका, सर्वांत जास्त घासणारी जागा तीच. टेन्शनच्या (वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या) चकत्यांना आणि पट्ट्याला मात्र तेल लागू देऊ नका. तेल दिल्यावर आधी चिंधीवर शिवा, म्हणजे ब्लाऊजच्या कापडावर डाग पडणार नाहीत.

शंका : माझ्याकडे शिवणक्लासच्या मुली येतात. सासऱ्यांनी घेतलेलं उषाचं जुनं मशीन चालू केलं, पण टीप वरून बरी दिसते आणि खालून दोऱ्याचा गुंता होतो. बॉबिन केस बदलून पाहिली, शटलही नवं टाकलं. आता सांगतात की खालचा सगळा भाग बदला. गणवेशांची ऑर्डर घेतली आहे. पैसे वाया जातील अशी भीती वाटते.
— शिवणक्लास चालवणाऱ्या ताई, नारायणगाव

समाधान : ताई, खर्च इथेच थांबवा. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे खालच्या भागाला दोष देतात. खरे कारण जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असते. वरच्या दोऱ्याला टेन्शन (ताण) मिळाला नाही की शटल त्याला खाली ओढून नेते आणि वर खेचून घेणारे कुणी उरत नाही.

एक साधी परीक्षा करा. सुईत न ओवता दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमधून घ्या. फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर असताना दोरा ओढा, तो अलगद आला पाहिजे. फूट खाली सोडून ओढा, आता तो अडकत, जोर लावल्यावर आला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल आला, तर चकत्यांमध्ये लव किंवा तुटका दोरा अडकून त्या उघड्या राहिल्या आहेत. फूट वर करून सुती कापडाची पातळ पट्टी चकत्यांमधून दोन-चार वेळा ओढा. त्यातून जे बाहेर येते ते पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. दोरा ओवताना फूट नेहमी वर ठेवण्याची सवय मुलींनाही लावा. फूट खाली असताना ओवले तर दोरा चकत्यांच्या आत जातच नाही, वरच राहतो.

आता खालचा ताण. बॉबिन भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबती सोडा. स्वतःच्या वजनाने ती खाली घसरता कामा नये. हाताला हलका झटका दिला की थोडीशी उतरून थांबली पाहिजे. घसरत असेल तर केसवरचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याहून कमी आवळा. शेवटी वर लाल आणि खाली पांढरा दोरा घेऊन चिंधीवर टीप मारा. दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या दोन थरांच्या मध्ये लपली तर मशीन जुळले. खाली लाल ठिपके दिसले तर वरचा ताण वाढवा, वर पांढरे दिसले तर कमी करा. एक सांगायचे राहिले : खणात सापडलेली सासूबाईंच्या काळची रिळे आठवण म्हणून ठेवा, शिवायला घेऊ नका. सुती दोरा इतकी वर्षे टिकत नाही, बोटाने ओढला की तुटतो, आणि दोष मशीनवर येतो.

भाग बदलायची वेळ आलीच, तर घाबरण्यासारखे नाही. हिंदुस्थानात तयार झालेली बहुतेक काळी घरगुती मशीन सिंगरच्या 15 क्रमांकाच्या नमुन्यावर बेतलेली आहेत. त्यामुळे उषा, मेरिट किंवा दुसऱ्या कुठल्या नावाची असोत, त्यांची बॉबिन, केस, शटल, सुई ही सहसा एकाच मापाची लागतात. लुधियानात हे सुटे भाग आजही मोठ्या प्रमाणावर बनतात आणि तालुक्याच्या बाजारात मिळतात. नवी बॉबिन घेताना जुनी हातात घेऊन जा आणि शेजारी ठेवून मापून घ्या.

शंका : आईचं वय सत्तर. जुन्या नऊवारी लुगड्यांच्या गोधड्या मशीनवर शिवते. काल सुई मोडली आणि तिचं टोक बोटात गेलं. सुई गंजलेली होती. धनुर्वात होईल का? तिला सांगितलं तर म्हणते, हळद लावली आहे, दवाखाना नको.
— मुलगा, घोडेगाव परिसर

समाधान : हा माझा प्रांत नाही, म्हणून आधी एवढेच : आईंना आजच डॉक्टरांकडे न्या. मोडलेल्या सुईचे तुकडे टेबलावर जुळवून पाहा. पूर्ण सुई भरली नाही, एखादा कण कमी वाटला, तर ते डॉक्टरांना सांगा. तुकडा आत आहे का हे एक्स-रेमध्ये दिसते. घरी दाबून किंवा टोकरून काढू नका, तो आणखी आत सरकतो. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू माती-धुळीत असतात आणि खोल, बारीक जखमेत त्यांना जागा मिळते. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले हे आठवत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील. जखम साबण-पाण्याने धुवायची. हळदीवर सोडून द्यायची नाही.

आता सुई का मोडली ते पाहू. गोधडीत लुगड्याचे पाच-सहा थर, मध्ये ठिगळे, काठावर तर दुप्पट जाडी. ब्लाऊजची 14 क्रमांकाची (90) सुई तिथे वाकते, पाटीच्या कडेवर आपटते आणि मोडते. गोधडीसाठी 16 (100) किंवा 18 (110) क्रमांकाची सुई लावा. कापड मागून ओढू नका. पुढे सरकवण्याचे काम दात्यांचे (पाटीतून वर येणाऱ्या खाचदार पट्ट्यांचे) आहे. हाताने ओढले की सुई कापडाबरोबर कलते. ठिगळाच्या जाड जोडावर पायडल सोडून चाक हाताने फिरवत चार टाके घ्यावेत, आणि काठाचे चार कोपरे हातानेच शिवावेत, तसेही हाताच्या टाक्याची गोधडी जास्त टिकते असे माझे मत आहे. आईंना साधा चष्मा तरी लावून बसायला सांगा. उडालेला तुकडा बोटापेक्षा डोळ्यात जास्त घातक. मोडका गंजका माल न ठेवता, सुई बोथट झाली की बदलायची. टप टप असा आवाज येऊ लागला की ती बोथट झाली असे समजा.

नवी सुई बसवताना दोन गोष्टी पाहा. दांड्याची चपटी बाजू शटलच्या टोकाच्या दिशेला आणि लांब खाच त्याच्या उलट बाजूला. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई वरपर्यंत पूर्ण टेकवूनच स्क्रू आवळा. एवढे जमले आणि तरी टाके सुटत असतील, तर सुईचा दांडा घसरून शटलशी त्याची वेळ चुकली आहे. सुई अगदी तळाला जाऊन सुमारे दोन मिलिमीटर वर येते त्या क्षणी शटलचे टोक तिच्या नाकाच्या किंचित वर पोचायला हवे. ही जुळणी हाताच्या अंदाजाची आहे. मिस्त्रीला दहा मिनिटांचे काम, नवशिक्याला दिवसभराचा मनस्ताप.

शंका : माहेरहून आलेल्या हातमशीनवर सोनेरी रंगात बाईचं तोंड आणि सिंहाचं अंग काढलंय. सासूबाई म्हणतात, हे काहीतरी अघोरी आहे, घरात नको. शिवाय त्याचं शटल बंदुकीच्या गोळीसारखं लांबुडकं आहे, दुकानदार म्हणतो असं कधी पाहिलंच नाही.
— सूनबाई, बेल्हे

समाधान : सासूबाईंना सांगा की ते इजिप्तमधल्या स्फिंक्सचे चित्र आहे. आपल्याकडे वाड्याच्या चौकटीवर शरभ कोरत तशीच ती शोभा, कारखान्यात चिकटवलेली. यंत्र अघोरी नाही, फक्त वयस्कर आहे. लांब शटलचे हे सिंगरचे 27, 28 किंवा 127, 128 या मालिकांतले मशीन असावे. त्यात शटल गोल फिरत नाही, झोक्याने मागे-पुढे जाते. याची बॉबिन लांब काडीसारखी असते आणि गोल बॉबिनच्या मशीनचे शटल, केस किंवा बॉबिन त्याला लागत नाही. म्हणून शटल आणि उरलेल्या बॉबिन जिवापाड जपा. मशीन विकले गेले आणि शटल घरात राहिले असे प्रसंग घडतात. भाग जुन्या मशीनच्या बाजारातून किंवा मोठ्या शहरातल्या जुन्या मिस्त्रीकडून शोधावे लागतात. टीप मात्र हे मशीन फार सुबक घालते.

सोनेरी नक्षीला स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर लावू नका. वरचा लाखेचा पातळ थर त्यात विरघळतो आणि त्याबरोबर नक्षीही जाते. कापसाच्या बोळ्यावर मशीनचेच तेल घेऊन हळू पुसा. पॉलिश पेपर मारून नवा काळा रंग देण्याचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा.

शंका : मला फोन आला की जुन्या सिंगर मशीनमध्ये लाल पारा असतो आणि ते पन्नास लाखांना घेतील. मोबाईल सुईजवळ नेला की रेंज जाते का, ते पाहायला सांगितलं. रेंज गेलीही एकदा. तपासणीसाठी आधी पंचवीस हजार भरायचे आहेत. घरात भांडणं लागली आहेत. पैसे भरू का?
— शेतकरी, आळेफाटा

समाधान : एक रुपयाही भरू नका. ही अफवा जुनी आहे. एप्रिल 2009 मध्ये सौदी अरेबियात ती अशीच पसरली होती. लोकांनी जुन्या सिंगर मशीनसाठी अवाच्या सवा पैसे मोजले, आणि मोबाईल सुईजवळ नेण्याची हीच परीक्षा तिथेही सांगितली जात होती. रेंज भिंतीआड गेल्यानेही जाते. मशीनमध्ये बीड, पोलाद, थोडे पितळ आणि वरचा निकेलचा मुलामा असतो; पारा कुठल्याही रंगाचा नसतो. 'लाल पारा' नावाचा चमत्कारी पदार्थ आजवर कुणी दाखवलेला नाही. पाऱ्याचे लाल संयुग म्हणजे हिंगूळ. ते काष्ठौषधीच्या दुकानात विचारा, त्याला कुणी पन्नास लाख देत नाही.

फोन आलेला क्रमांक, संदेश, खात्याचा तपशील जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. कुणी आधीच पैसे भरले असतील तर लाजून गप्प बसू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. आणि खरी किंमत? ही यंत्रे दुर्मीळ नाहीत. स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकच्या एकट्या कारखान्याने 1913 साली तेरा लाखांच्या वर मशीन बाहेर पाठवली होती. चालू स्थितीतले मशीन त्याच्या कामाच्या किमतीला विकले जाते.

शंका : वडिलांच्या सिंगरवरच्या पितळी पट्टीवर अठराशे-एकोणीसशेचे आकडे आहेत. म्हणजे ते सव्वाशे वर्षांचं का? नातवाच्या शाळेत प्रदर्शन आहे, चुकीचं सांगायचं नाही.
— निवृत्त शिक्षक, मंचर

समाधान : गुरुजी, पट्टीवरची साले बहुतेकदा पेटंटची (शोधाच्या हक्काची) असतात, बनवल्याची नव्हेत. वय सांगतो तो अंगावर ठोकलेला अनुक्रमांक. 1900 पासून सिंगरने आकड्याआधी इंग्रजी अक्षर घालायला सुरुवात केली. एफ असेल तर साधारण 1910 चे दशक, वाय असेल तर 1920 ते 1930 च्या दशकांतले, आणि दोन्ही क्लाईडबँकचे. अक्षरच नसेल तर मशीन 1900 च्या आधीचे असू शकते. क्रमांक मशीनला कधी दिला गेला ते यातून कळते. दुकानातून ते घरी कधी आले हे कळत नाही. ते पावतीवरून किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच.

प्रदर्शनात सांगायला आणखी थोडे. आयझॅक सिंगरचे पेटंट 1851 चे. हिंदुस्थानात या मशीनचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी केला. हप्त्याने देण्याच्या पद्धतीमुळे ते साध्या शिंप्याच्या घरापर्यंत पोचले. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली एका संभाषणात सिंगरच्या मशीनला अपवाद मानले होते. उषा मशीन बनवणारी जय इंजिनिअरिंग वर्क्स कोलकात्यात 1935 साली निघाली आणि 1938 मध्ये लाला श्रीराम यांनी ती हाती घेतली. गावोगावच्या घरांत सिंगरनंतर उषा आले ते या वाटेने.

शंका : मुलाने जुन्या पायमशीनला मोटर बसवून दिली. शिवायला हलकं झालं, पण चाकाला हात लावला की मुंग्या येतात आणि आत निळ्या ठिणग्या दिसतात. करंट लागून मरण येईल का, अशी भीती बसली आहे. बहिणीने अमेरिकेहून आणलेलं छोटं मशीनही आहे, तेही लावायचं आहे.
— गृहिणी, खोडद

समाधान : या पत्रातली भीती खरी आहे. मुंग्या येणे म्हणजे विजेची गळती. प्लग काढा आणि वायरमनने पाहिल्याशिवाय पुन्हा लावू नका. ओल्या फरशीवर, अनवाणी पायाने, पावसाळ्यात हीच गळती जिवावर बेतू शकते. तारांवरचे जुने रबर कडक होऊन तडकले आहे का, घराच्या बोर्डाला अर्थिंग चालू आहे का आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवले आहे का, हे तीनही वायरमनकडून तपासून घ्या. मिस्त्री मोटर जोडून देतो, घराचे अर्थिंग तपासत नाही. निळ्या बारीक ठिणग्या मात्र मोटरच्या आतल्या कार्बन ब्रशच्या असतात आणि थोड्या प्रमाणात त्या नेहमीच्याच. पिवळ्या, मोठ्या ठिणग्या किंवा जळका वास आला तर थांबा.

अमेरिकेतली वीज सुमारे 120 व्होल्टची, आपली 230 ची. ते मशीन थेट लावले तर मोटर काही क्षणांत जळेल, नुसती प्लगची पिन बदलून भागत नाही. योग्य क्षमतेचा, व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. मशीनवरच्या पट्टीवरचे वॅट वायरमनला दाखवूनच तो घ्या. आणि तुमच्या पायमशीनचा जुना पट्टा फेकला नसेल तर ठेवा. आपल्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, ऐन लग्नसराईत पायाने चालणारे मशीनच कामाला येते.

शंका : पावसाळा सुरू झाला की चामड्याचा पट्टा सटकतो. शिवाय मला पायडल मारताना चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. पन्नाशीत शिकायला बसले, लोक हसतात. माझ्याच्याने होणार नाही का?
— नवशिक्या, पिंपळवंडी

समाधान : होईल. दमट हवेत चामडे सैल पडते. जोडाची तार सोडून पट्ट्याचा साधारण एक सेंटिमीटर तुकडा कापा, नवे भोक पाडून पुन्हा जोडा. एकदम जास्त कापू नका. पट्टा फार ताणला तर पायडल जड जाते आणि चाकाचा दांडा झिजतो. हिवाळ्यात चामडे पुन्हा आखडेल. प्लॅस्टिकचा पट्टाही मिळतो. त्याला ओल लागत नाही, पण गुळगुळीत चाकावर तो सुरुवातीला घसरतो.

उलटे फिरणे सगळ्यांचेच होते. सुरुवात पायाने करू नका. उजव्या हाताने चाक आपल्याकडे वळवा, ते फिरू लागले की दोन्ही पाय पायडलवर ठेवून त्याच तालात दाब द्या, एक पाय थोडा पुढे, एक मागे. आधी सुई न लावता आणि फूट वर ठेवून काही दिवस नुसते चालवा. मग सुई लावून, दोरा न ओवता, वहीच्या रेघांच्या कागदावर टीप मारा. भोके रेघेवर पडू लागली की कापड घ्या. थांबायचे असेल तर पाय उचलू नका, हाताचा तळवा चाकावर अलगद ठेवा. घरात लहान मुले असतील तर काम नसताना पट्टा उतरवून ठेवा, त्यांची बोटे चाकात आणि पट्ट्यात फार पटकन जातात.